रक्त, आग आणि पाणी

धाकट्या खारूच्या मनगटावरचं प्लॅस्टर वाळेपर्यंत घरात कुणी कुणाला काही बोललं नाही. ते वाळलं, आणि रविवारी सकाळी बाई यायला निघाल्या.

बाई म्हणजे खारूची आजी. त्यांची हयात मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत गेली आणि त्यांची दोन्ही मुलं त्यांच्याच शाळेत शिकली. शाळेत आईला आई म्हणायचं नाही, हा त्यांचा दंडक. मुलांच्या जिभेला तीच सवय लागली आणि घरीसुद्धा ती बाईच म्हणायला लागली. बाई म्हणायचं आणि अगं-तुगं करायचं, असा तो चमत्कारिक प्रकार. पुढे सून आली, तीही बाईच म्हणते, पण अहो-जाहो करते. नातींनी त्याला शेपूट लावून 'बाईआजी' केलं, तेव्हा बाईंना ते फार आवडलं होतं. तसं त्यांनी दाखवलं मात्र नाही.

गाडी आत्या चालवत होती. आत्या दातांची डॉक्टर. दिवसभर लोक तिच्यापुढे तोंड उघडून गप्प पडलेले असतात, त्यामुळे समोरच्यालाही काही म्हणायचं असतं हे ती अधूनमधून विसरते.

"आज मी बोलणार," ती म्हणाली. "दादा नुसती मान हलवेल, वहिनी ओठ मिटून बसेल आणि तू शिस्तीवर घसरशील. त्यापेक्षा मीच सांगते. पोरींना शाळेत घाला, विषय संपला."

"माझं शाळेत बोलणं झालंय," बाई म्हणाल्या. "आत्ताची मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. दोन जागा ठेवते म्हणाली. उद्या नेऊन बसवायचं."

"उद्याच?"

"हात मोडायला मुहूर्त काढला होता का?"

आत्या हसली. या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं तसं दुर्मीळच, त्यामुळे मनातून दोघीही जरा बावरल्या होत्या. आत्याने गाडी इतकी भिंतीला चिकटवून लावली की बाईंना तिच्या बाजूने उतरावं लागलं. एकमत तिथेच थोडं ढळलं.

*

वर स्वयंपाकघरात खारूची आई बटाटे सोलत होती आणि तिचा नवरा पुसलेल्या बशा पुन्हा पुसत होता.

घडलं होतं ते असं. खारूची आई गणिती. गुंते हा तिचा विषय. दोर वाटेल तसा गुंतवायचा, त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची, आणि मग कात्री न लावता तो सुटून साधं वेटोळं होईल की नाही, हे कागदावर सिद्ध करायचं. थोरलीला शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं, तेव्हा तिने विद्यापीठातली नोकरी सोडली आणि मुलीला घरीच शिकवायला घेतलं. वर्षभरापुरतं म्हणून. मग धाकटी शिकायच्या वयाची झाली, आणि वर्षभराचं काही संपलं नाही. सकाळी जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक, मग इतिहास, मग खिडकीतल्या कुंडीत काय उगवलं त्याचं चित्र. त्यातच कुकरच्या शिट्ट्या, धुणं, दारावरची बेल. आणि दुपारी एक तास तिचा स्वतःचा, जिन्याशेजारच्या अडगळीच्या खोलीत, तिच्या पुस्तकासाठी.

तो तास टिकवण्यासाठी टोपी आली. कानांवर पट्ट्या असलेली, भडक नारिंगी लोकरीची टोपी. ती डोक्यावर असेपर्यंत आई घरात नाही असं समजायचं. ही शक्कल खारूची, आणि नियम घरात मतदान घेऊन पास झाला होता. अपवाद फक्त दोन: रक्त आणि आग. एकदा न्हाणीघरातला नळ उघडा राहिला आणि दोघी बहिणी नियम पाळत घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, तेव्हा पाणीही त्यात घातलं.

बुधवारी थोरली पाव आणायला खाली गेली होती. खारू पुस्तकांच्या मांडणीवर चढली. तिला खारू म्हणतात ते उगाच नाही. वरच्या फळीवरून ती पडली आणि मनगट मोडलं. रक्त आलं नाही. आई टोपी काढून बाहेर आली तेव्हा पोर जिन्यावर बसली होती. हात उशीवर, चेहरा पांढराफटक. आईला पाहिल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "रक्त नाही आलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, केव्हा पडली? आईला ते सांगता आलं नाही.

"मी बाईंना हो म्हणणार आहे," ती आता बटाट्याकडे बघत म्हणाली.

"कशाला हो?"

"शाळेला. त्या आज तोच विषय काढणार. आणि पुस्तकाचंही प्रकाशकांना कळवून टाकणार. जमत नाही म्हणून."

नवऱ्याने बशी खाली ठेवली. "दोन्ही? अगं, शाळेत गेल्या तर तुला उलट वेळच मिळेल."

"वेळ मिळून काय करू? त्या खोलीत बसले की मला ती जिन्यावर बसलेली दिसते. माझ्यामुळे झालंय रे हे. पोरीला इतकं काटेकोर विचार करायला शिकवलं, की मोडक्या हाताने तिने रक्त आहे का ते तपासलं."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तू चांगली आई आहेस, हे तर नक्कीच. पण हे वाक्य अशा वेळी किती पोकळ वाजतं ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने तिच्या हातातून सोलणं काढून घेतलं आणि उरलेले बटाटे स्वतः सोलले. फार जाड सालं काढली. ती काही बोलली नाही, यावरूनच त्याला कळलं की मामला गंभीर आहे.

*

जेवायला सूप होतं, पाव होता, काकडी होती. खारू प्लॅस्टरचा हात टेबलावर मानाच्या पाहुण्यासारखा ठेवून डाव्या हाताने चमचा चालवत होती. निम्मं सूप वाटीत परत जात होतं, थोडं टेबलावर. थोरली ते फडक्याने टिपत होती.

आत्याने घसा साफ केला. गाडीत तिने मुद्दे नीट लावून ठेवले होते. "वहिनी, राग मानू नकोस, पण आता मी स्पष्टच बोलणार..."

"घालूया शाळेत," वहिनी म्हणाली.

"...कारण मुलांना... काय म्हणालीस?"

"शाळेत घालूया. बाईंचं म्हणणं बरोबर आहे. हवं तर उद्यापासूनच जाऊ देत दोघी."

जोर लावून दार ढकलावं आणि ते उघडंच निघावं, तशी आत्याची गत झाली. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाव मोडायचा थांबवला होता. भांडून मिळवायची गोष्ट कुणी अशी हातावर ठेवली की बाईंना त्यात खोट दिसते.

"आणि पुस्तकाचं काय?" आत्याने विचारलं.

"ते बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. नाही लिहिणार."

"अगं, मग तुझं असं राहिलं काय?" आत्याचा आवाज एकदम चढला. "पोरींना शिकवायचं नाही, गणित करायचं नाही, मग करायचं काय? बटाटे सोलायचे?"

"ते मी सोलले," खारूचे बाबा म्हणाले.

"दिसतंय ते. दादा, तू मध्ये पडू नकोस. वहिनी, मी इथे तुझ्याशी भांडायला आले होते, आणि तू माझ्यावर तुझी बाजू घ्यायची वेळ आणलीस!"

"मीही पुस्तक बंद करायला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझ्या नावावर ते मांडू नकोस."

"तुमच्या नावावर कुठे मांडतेय बाई? माझं मलाच..."

तेवढ्यात फोन वाजला. खारूच्या बाबांचा. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम बघतात, आणि शहरात कुठेही लिफ्ट अडकली की ती त्यांच्या जेवणात अडकते. त्यांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा आवाज बदलला. घरात कधी ऐकू येत नाही असा तो आवाज, संथ आणि भरवशाचा.

"घाबरू नका. दार ओढू नका. सगळे खाली बसा. हवा संपत नाही, वरून येत असते. माझा माणूस निघालाय, तो पोचेपर्यंत मी फोनवर आहे. कुणी रडतंय का? रडू देत, चालतं."

टेबलाभोवतीही सगळे चिडीचूप बसून राहिले. बाईसुद्धा पाठ टेकून बसल्या. बऱ्याच वेळाने पलीकडची माणसं सुटली तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

"दादा," आत्या म्हणाली, "आम्हालाही सांग की रे असंच काहीतरी."

"तुम्ही कुठे माझं ऐकता?" ते म्हणाले. बाईंना हसू आलं, त्यांनी ते काकडीच्या तुकड्याबरोबर गिळलं.

*

थोरली गप्प होती. घरातल्या थोरल्या मुलींना गप्प राहण्याचं एक विशेष कौशल्य येतं, तसं तिला आलं होतं. पण आता तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. शाळेचं नाव काढल्यावर पूर्वी तिच्या पोटात दुखायचं. आणि आज ते दुखणं नव्हतं.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"कुठे?" आई म्हणाली.

"शाळेत. मला खरंच जायचंय. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत काहीतरी उकळायचंय. आणि मला खारू सोडून दुसऱ्या कुणाशी तरी भांडायचंय."

"कधीपासून वाटतंय तुला असं?"

"बरेच दिवस. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले." थोरलीचे डोळे भरले, पण ती थांबली नाही. "पण असं नाही हं जायचं. खारूचा हात मोडला म्हणून आईला शिक्षा, आणि ती शिक्षा म्हणून मी शाळेत, असं असेल तर मी नाही जाणार. मला जायचंय म्हणून जाणार."

आईला वाईट वाटलंच. आत कुठेतरी चर्र झालं. ज्या मुलीसाठी हे सगळं मांडलं, ती आता खुशीने निघाली होती. आणि त्याच वेळी त्या मुलीचा तिला इतका अभिमान वाटला, की उठून तिचा मुका घ्यावा. पण थोरलीला चारचौघांत असलं काही खपत नाही, म्हणून तिने फक्त तिच्या वाटीत सूप वाढलं. थोरलीला ते नको होतं तरी तिने ते घेतलं.

"एकीचं ठरलं," बाई म्हणाल्या आणि खारूकडे वळल्या. "आता तू. इकडे बघ. मी विचारते त्याचं सरळ उत्तर द्यायचं. पडल्यावर आईला हाक का नाही मारलीस?"

"बाई, नको ना," खारूची आई म्हणाली.

"विचारू दे. सगळे तिच्याबद्दल बोलताहेत, तिला कुणी विचारलं? खारू, आईची भीती वाटली?"

"छे!" खारूला तो प्रश्नच वेडगळ वाटला.

"मग नियम म्हणून?"

"आधी नियम म्हणून. रक्त आलंय का ते बघितलं, नव्हतं. मग खूप दुखायला लागलं. मग मी ठरवलं की नियम मोडायचा." तिने चमचा खाली ठेवला. "दारापर्यंत गेले होते मी."

आईचा हात टेबलावरच थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं.

"मग?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता.

"दार थोडं उघडं होतं. आई हसत होती."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. एकटीच. हातात दोर होता आणि त्याच्याकडे बघून हसत होती. अशी..." खारूने तसं हसून दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "ती आमच्याबरोबर हसते ना, तेव्हा तिचं लक्ष असतं, की कुकर झाला का, ताईने लिहिलं का. तेव्हा कशाकडेच नव्हतं. मी हाक मारली असती तर ते गेलं असतं. म्हणून मी परत येऊन बसले. मला वाटलं, हात काय, दुखेल आणि थांबेल."

आत्याने चष्मा काढून पुसला, स्वच्छ होता तरी. खारूची आई उठली, खारूच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या पोरीला प्लॅस्टरसकट जवळ घेतलं. ती रडत होती आणि ते लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही.

"अगं वेडे," ती म्हणाली, "हाक मारलीस म्हणून ते जात नाही. जातं, आणि परत येतं. तुझा हात महत्त्वाचा. माझं हसू नंतर येईल."

"नक्की येतं?"

"येतं."

खारूने यावर विचार केला. तिला हे सिद्ध झाल्यासारखं वाटलं नाही, पण तूर्तास तिने मान्य केलं. मग तिने विचारलं, "पण तू हसत कशाला होतीस?"

आणि तेव्हा त्या टेबलावरच्या मोठ्या माणसांच्या एक गोष्ट लक्षात आली. आईच्या पुस्तकावर मघापासून खडाजंगी चालली होती, पण आत्तापर्यंत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ती चार दिवसांपूर्वी त्या खोलीत काय करत होती, हे या घरात एकालाही माहीत नव्हतं. नवऱ्याने मान खाली घातली.

"दोर आण," आई थोरलीला म्हणाली.

सुपाची भांडी बाजूला झाली. पांढरा दोर टेबलभर पसरला. आईने तो गुंतवला, एकीकडून वर, दुसरीकडून खाली, आत्याच्या मनगटावरून, बाईंच्या पेल्याला वळसा घालून, आणि मग त्याची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून टाकली.

"या प्रकारचे गुंते कधीच सुटत नाहीत, असं मी म्हणत होते. पुस्तकाचा निम्मा भाग तेच सिद्ध करण्यात गेलाय. कुठलाही घ्या, सुटणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

"आत्या, तुझा हात वर कर. आता खारू, हा पदर धर आणि माझ्याकडे आण. सोडू नकोस. बाई, पेला उचला."

बाईंनी पेला उचलला. खारूने डाव्या हाताने पदर ओढला. दोर एकदा अडला, उलटला, दोन वळसे एकमेकांतून निसटले, आणि टेबलावर एक साधं, मोकळं वेटोळं पडलं.

आत्या म्हणाली, "अय्या!" दातांच्या डॉक्टरांना हा शब्द शोभत नाही, पण गेला तोंडातून.

"म्हणजे सुटतो," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे तू म्हणत होतीस ते चूक."

"साफ चूक."

"इतक्या वर्षांचं काम?"

"हो."

"आणि तू हसलीस?"

"इतकं सुंदर चुकलं होतं हो बाई! मी म्हणत होते त्यापेक्षा हे कितीतरी छान आहे. मला सुचलंच नव्हतं." बोलता बोलता तिचा चेहरा उजळला होता, आणि खारू तो टक लावून बघत होती.

बाई वेटोळ्याकडे बघत राहिल्या. लाल शाईने चुकीच्या उत्तरांवर फुल्या मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. फुली बघून रडणारी मुलं त्यांनी पाहिली होती, खोडून लबाडी करणारी पाहिली होती. चूक सापडली म्हणून आनंदाने हसणारं कुणी त्यांच्या पाहण्यात नव्हतं. अशी मुलगी आपल्या शाळेत असती तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग ती आपल्याच घरात आहे हे लक्षात येऊन त्यांना बरं वाटलं.

"मग आता पुढे?" त्यांनी विचारलं.

"सगळं नव्याने मांडावं लागेल. म्हणजे, करायचं झालं तर..."

"झालं तर म्हणजे? उत्तर चुकलं की पान फाडायचं नसतं. खाली रेघ मारायची आणि पुन्हा सोडवायचं. हे मी पाचवीच्या पोरांना सांगत आले." बाईंनी पेला ठामपणे खाली ठेवला. "थोरली उद्या शाळेत जाईल. खारूला तुझ्याकडेच शिकू दे, दुसरी जागा नको म्हणून मी शाळेला कळवते. आणि दुपारी तुझ्या त्या तासाला मी इथे येऊन बसेन."

"बाई, शिकवायचं नाही हं," खारूची आई भीत भीत म्हणाली.

"मी कशाला शिकवू? नुसती बसेन."

यावर विश्वास ठेवणारं त्या खोलीत कुणीही नव्हतं, खुद्द बाईसुद्धा नाहीत.

"बुधवारी मी खारूला माझ्या दवाखान्यात नेते," आत्या म्हणाली. "लोकांचे दात बघेल. उडदामाजी काळे गोरे कळतील."

"आणि मी?" खारूचे बाबा म्हणाले.

"तू बटाटे सोलायला शीक," आत्या, बाई आणि थोरली एका सुरात म्हणाल्या.

"नियमाचं काय?" खारूने विचारलं. "रक्त, आग, पाणी, आणि हात?"

"अपवाद नकोतच," आई म्हणाली. "हवी तेव्हा हाक मारायची. काही झालेलं नसलं तरी."

*

दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत पसरले. आत्या सोफ्यावर आडवी झाली, थोरली दप्तराला काय लागेल त्याचा विचार करत होती. बाईंनी वर्तमानपत्र उघडलं आणि नुसत्या बसल्या. आई अडगळीच्या खोलीत गेली. तिने दार ओढून घेतलं नाही.

खारू जिन्यावर बसली होती. थोडा वेळ गेला.

"आई!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आई धावत बाहेर आली, हातात दोर तसाच. "काय झालं? दुखतंय?"

"नाही. नुसती हाक मारली."

बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. आता त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात आत्याने झोपल्या झोपल्या त्यांचा पदर ओढला.

"बरं," आई म्हणाली, आणि आत गेली.

आणखी थोडा वेळ गेला.

"आई!"

आई पुन्हा आली. या वेळी धावत नाही, चालत. "हं?"

"काही नाही. मघाशी मी हाक मारली तेव्हा हसत होतीस?"

"येत होतं जरा."

"मग आता गेलं?"

"आता गेलं."

"मग आता जाऊन परत हसशील?"

"हसेन की. बघू जमतंय का."

आई आत गेली. खारू प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन, श्वास रोखून, उघड्या दाराकडे कान लावून बसली. बाहेरच्या खोलीतही कुणी हललं नाही. जरा वेळ लागला, पण आलं.